४९८-अ की २००५चा कायदा?

‘४९८-अ लावा’ हा सल्ला शेजारपाजारचेही देतात. १९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेलं हे कलम आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं झालंय. तक्रार पोलिसांत, पत्नीच्या छळाची, नवरा आणि सासरच्यांविरुद्ध. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण खटला चालेल तोवर तिने राहायचं कुठे, खायचं काय, यावर हे कलम गप्पच.

त्याची सोय २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आहे. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलेल्या सुनेला तिथेच राहू देण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. शिवाय खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, त्रास देणाऱ्याला मज्जाव, म्हणजे संरक्षण आदेश. आई, बहीण, लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदारही दाद मागू शकते. अर्जाला या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, निकाल शक्यतो ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. कोर्टाची पायरी चढलेल्यांना हसू येईल! संरक्षण आदेश मोडला, तर मात्र वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मी तरी आधी छपराचं बघेन. मारहाण झाली असेल तर पोलिसांतही जावं; दोन्ही एकाच वेळी चालतात.