अंड्यातलं पिल्लू आणि दाणे टिपणारी कोंबडी
अंड्यात 21 दिवस पिल्लाची चूल पेटते ती बलकातल्या चरबीवर. 90 टक्क्यांहून अधिक ऊर्जा तिथूनच मिळते. कोंबडीचं इंधन मुख्यतः दाण्यांतलं पिष्ट. खरी गंमत यकृतात आहे. भ्रूणाचं यकृत आयती चरबी जाळतं, नवी फारशी बनवत नाही. बाहेर येऊन दाणे पोटात गेले की तेच यकृत साखरेपासून चरबी घडवू लागतं. मधला अंडं फोडण्याचा क्षण मात्र अवघड: कवच फोडताना प्राणवायू अपुरा, म्हणून स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, खर्चतात. ऊब? अंड्याला ती बाहेरून लागते, सुमारे 37.5 अंश. कोंबडी स्वतःच 41 अंशांवर तापलेली, म्हणून तर खुडूक बसता येतं!