वॉलेस खटल्याच्या मागावर : जुन्या ब्रिटिश वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहाचा वापरानंतरचा अनुभव

जुनी ब्रिटिश वृत्तपत्रे पानोपानी स्कॅन करून वर्गणीदारांना घरबसल्या वाचू देणाऱ्या एका डिजिटल संग्रहाची वर्गणी मी गेल्या पावसाळ्यात भरली. लिव्हरपूल शहरात २० जानेवारी १९३१ रोजी झालेल्या ज्युलिया वॉलेस हिच्या खुनाचा आजवर उलगडा झालेला नाही. त्या प्रकरणाचा मूळ बातम्यांवरून स्वतः नव्याने विचार करायचा, एवढ्याच हेतूने ही वर्गणी घेतली होती. कित्येक महिने रोज रात्री तासभर या संग्रहात घालवल्यानंतर, माझ्यासारख्या हौशी अभ्यासकाला त्याचा नेमका काय उपयोग होतो आणि कोठे तो अपुरा पडतो, हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जुन्या गुन्ह्यांचा अभ्यास करू इच्छिणारे मराठी वाचक पुष्कळ आहेत आणि वर्गणी परकीय चलनात भरावी लागते.

प्रकरण थोडक्यात असे आहे. विल्यम हर्बर्ट वॉलेस हा ५२ वर्षांचा विमा प्रतिनिधी प्रुडेन्शियल कंपनीसाठी घरोघर फिरून हप्ते गोळा करत असे आणि ॲनफील्ड भागात २९ वुल्व्हर्टन स्ट्रीट येथे पत्नीसह राहत असे. १९ जानेवारीच्या सोमवारी संध्याकाळी तो नॉर्थ जॉन स्ट्रीटवरील सिटी कॅफेमध्ये भरणाऱ्या बुद्धिबळ मंडळात पोहोचण्यापूर्वीच तेथे त्याच्यासाठी एक दूरध्वनी आला. मंडळाचे कर्णधार सॅम्युएल बीटी यांनी निरोप लिहून घेतला : आर. एम. क्वॉलट्रो नावाच्या गृहस्थाला आपल्या मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसानिमित्त काही विम्याचे काम आहे, तरी वॉलेसने उद्या साडेसात वाजता २५ मेनलव्ह गार्डन्स ईस्ट येथे यावे. दुसऱ्या दिवशी वॉलेस ट्रामने शहराच्या दुसऱ्या बाजूला गेला आणि विचारत विचारत फिरला. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ, साउथ आणि वेस्ट असे तीन रस्ते तेथे आहेत, ईस्ट मात्र नाही. पावणेनऊच्या सुमारास तो परतला, शेजाऱ्यांच्या समक्ष घरात शिरला आणि पुढच्या खोलीत ज्युलिया मृतावस्थेत सापडली. डोक्यावर अनेक घाव होते, देहाखाली वॉलेसचा अर्धवट जळलेला रेनकोट होता आणि पैशांच्या पेटीतून सुमारे ४ पौंड गेले होते. एप्रिलमध्ये सेंट जॉर्जेस हॉलमध्ये चार दिवस खटला चालला. न्यायमूर्ती राइट यांनी ज्यूरीला केलेले मार्गदर्शन आरोपीला अनुकूल होते, तरीही ज्यूरीने तासाभरात त्याला दोषी ठरवले आणि फाशीची शिक्षा झाली. मे महिन्यात अपील न्यायालयाने, उपलब्ध पुराव्यावर असा निकाल टिकू शकत नाही, या कारणावरून ती रद्द केली. खुनाच्या खटल्यात केवळ या कारणासाठी दोषसिद्धी रद्द होण्याची इंग्लंडमधील ती पहिलीच वेळ मानली जाते. वॉलेस मूत्रपिंडाच्या विकाराने २६ फेब्रुवारी १९३३ रोजी वारला.

माझी उमेदीची वर्षे विमा प्रतिनिधी म्हणून गेली, त्यामुळे या प्रकरणात मला सुरुवातीपासून ओढ वाटली. अनोळखी माणसाच्या एका निरोपावर हा गृहस्थ थंडीच्या रात्री इतक्या लांब गेलाच कसा, असा प्रश्न अनेक जण संशयाने विचारतात. मला त्यात काहीही अस्वाभाविक वाटत नाही. एकविसाव्या वर्षी मुलीच्या नावाने घेतलेली पॉलिसी म्हणजे आठवड्याच्या किरकोळ हप्त्यांवर जगणाऱ्या प्रतिनिधीला चांगले कमिशन, आणि असे काम हातचे जाऊ नये म्हणून आम्हीही नको त्या पत्त्यांवर नको त्या वेळी गेलेलो आहोत. ज्याने हा निरोप रचला त्याला विमा प्रतिनिधीचे मन ठाऊक होते, एवढे मी खात्रीने म्हणेन. तो माणूस स्वतः वॉलेस होता की दुसरा कोणी, हे त्यावरून ठरत नाही.

आता संग्रहाविषयी. त्याचा शोध यांत्रिक अक्षरओळखीवर चालतो, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरील अक्षरे संगणक स्वतः वाचतो आणि आपण त्या वाचलेल्या मजकुरात शोध घेतो. जुन्या सांजपत्रांचा बारीक टंक, पसरलेली शाई आणि घड्यांमध्ये गेलेल्या ओळी यांमुळे हे वाचन पुष्कळदा चुकते. क्वॉलट्रो हे आडनाव मूळचे आइल ऑफ मॅन बेटावरचे आणि स्पेलिंगने अवघड, त्यामुळे यंत्राने त्याची नाना रूपे केलेली आहेत, आणि शुद्ध रूपाने शोधल्यास निम्म्याहून अधिक बातम्या हाती लागत नाहीत असा माझा अनुभव आहे. नुसते ‘वॉलेस’ शोधणे तर त्याहून निरुपयोगी, कारण त्याच वर्षी लोकप्रिय रहस्यकथाकार एडगर वॉलेस संसदेच्या निवडणुकीला उभे होते आणि त्यांच्या नावाने पाने भरलेली आहेत. त्याऐवजी रस्त्याचे नाव घालून, तारखेची मर्यादा एका आठवड्यापुरती ठेवून आणि एकेका वृत्तपत्रापुरता शोध घेतला की कामाचे सापडते. याहूनही उत्तम म्हणजे शोधाचा नाद सोडून २१ जानेवारीपासूनचे अंक क्रमाने उघडून वाचणे. वेळ जास्त लागतो, पण बातमीच्या शेजारची बातमी, तिची जागा आणि तिचा आकार दिसतो, आणि शहर त्या आठवड्यात या खुनाबद्दल काय बोलत असेल याचा अंदाज येतो. अपिलाच्या आधीच्या रविवारी लिव्हरपूल कॅथेड्रलमध्ये न्यायाधीशांना योग्य निर्णयाची बुद्धी व्हावी म्हणून खास प्रार्थना झाली होती. अशा प्रार्थनेची वेळ शहरावर यावी, यावरून वातावरण किती तापले होते ते कळते.

या संग्रहाचा सर्वांत मोठा उपयोग माझ्या मते एकच आहे : कोणती गोष्ट प्रथम केव्हा सांगितली गेली, हे त्यातून ठरवता येते. या खटल्यावर नव्वदहून अधिक वर्षे लोक लिहीत आले आहेत आणि नंतरच्या लेखनात पहिल्या दिवसाची साक्ष, खटल्यातील साक्ष आणि पन्नास वर्षांनंतरची आठवण एकाच ओळीत बसवलेली आढळते. दूध घालणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाचे उदाहरण घ्यावे. ज्युलियाला जिवंत पाहणारा तो शेवटचा साक्षीदार. होली ट्रिनिटी चर्चच्या घड्याळात सहा पंचवीस झाल्याचे त्याने पाहिले होते, आणि पोलिसांनी त्याला तोच रस्ता पुन्हा चालायला लावून साडेसहा ही वेळ निश्चित केली. परंतु खुनानंतर सोबतच्या मुलांना त्याने पावणेसात ही वेळ सांगितल्याचे त्या मुलांनी न्यायालयात सांगितले. वर्तमानपत्र टाकणाऱ्या दुसऱ्या एका मुलाने त्याच घड्याळावरून मोजून त्याला सहा सदतीसच्या सुमारास वॉलेसच्या दारात पाहिल्याची साक्ष दिली. ट्राममधील साक्षीवरून वॉलेसला सहा एकोणपन्नासपर्यंत घर सोडणे भाग होते. म्हणजे खून करून, अंगावरचे रक्त धुऊन, दरोड्याचा देखावा उभा करून बाहेर पडायला वॉलेसजवळ एका हिशेबाने अठरा-एकोणीस मिनिटे होती आणि दुसऱ्या हिशेबाने जेमतेम चार-पाच. त्याच्या कपड्यांवर रक्ताचा डाग नव्हता. एका मुलाच्या शब्दावर फाशीचा प्रश्न टांगलेला होता, हे बातम्या तारीखवार वाचताना जितके अंगावर येते तितके कोणत्याही सारांशात येत नाही.

तपासाधिकारी आणि तज्ज्ञ यांच्याबाबतही असेच घडते. शवाची पाहणी करणारे प्राध्यापक मॅकफॉल यांनी मृत्यूची वेळ केवळ शरीराच्या ताठरपणावरून सांगितली, देहाचे तापमान घेतलेच नाही, आणि सुरुवातीला रात्री आठच्या आसपास मानलेली वेळ खटल्यापर्यंत संध्याकाळी सहाच्या सुमारास आली. सहा वाजता ज्युलिया जिवंत होती हे तर सरकार पक्षाचाच साक्षीदार असलेला दूधवाला मुलगा सांगत होता. शास्त्रीय म्हणून मांडलेले मत असे सरकते, तेव्हा त्यावर उभारलेल्या सगळ्या युक्तिवादाकडे मी सावधपणे पाहतो.

वृत्तपत्रे वाचताना दोन गोष्टींचे भान मला उशिरा नव्हे तर पहिल्या आठवड्यातच ठेवावे लागले आणि नव्या वर्गणीदारांनीही ते ठेवावे. पहिली अशी की वृत्तसंस्थेने पाठवलेला एकच मजकूर वीस गावांच्या वीस पत्रांत छापलेला असतो, आणि वीस ठिकाणी सापडला म्हणून तो वीस पटींनी विश्वसनीय होत नाही. वाक्यरचना तीच आढळली की तो एकच साक्षीदार समजावा. दुसरी अशी की न्यायालयाच्या वार्तांकनात वकिलाचे प्रश्न गाळून उत्तरांचे सलग निवेदन करण्याची पद्धत होती. साक्षीदाराने स्वतःहून सांगितल्यासारखे वाटणारे वाक्य प्रत्यक्षात वकिलाने तोंडात घातलेले असू शकते. ज्या साक्षीवर निष्कर्ष अवलंबून आहे ती खटल्याच्या प्रकाशित शब्दशः नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

संग्रहाच्या जोडीला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे नकाशांचे विनामूल्य संकेतस्थळ मी सतत वापरले आणि त्याची शिफारस मनापासून करतो. त्यावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून त्यांची पारदर्शकता कमीजास्त करता येते. ज्या सार्वजनिक दूरध्वनीवरून क्वॉलट्रोचा निरोप गेला तो वॉलेसच्या घरापासून सुमारे ४०० यार्डांवर होता. जोडणीत अडचण आल्यामुळे यंत्रचालिकेने नोंद केली आणि त्यामुळेच ती जागा कळली. आपण उलट दिशेने बेलमाँट रोडकडे जाऊन ट्राम पकडली, असे वॉलेस सांगत होता. नकाशावर दोन्ही वाटा आखून वेळ मोजली तर सव्वासातच्या सुमारास दूरध्वनी करून पावणेआठपर्यंत मंडळात पोहोचणे शक्य होते, आणि दूरध्वनी न करता पोहोचणेही तितकेच शक्य होते. मंडळाच्या भिंतीवर स्पर्धेचे वेळापत्रक लावलेले असे, तेव्हा वॉलेस त्या संध्याकाळी येणार हे कॅफेत ये-जा करणाऱ्या कोणालाही समजू शकत होते.

संग्रह जेथे थांबतो ती मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा भर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आहे. वॉलेसचा जुना सहकारी रिचर्ड गॉर्डन पॅरी याच्यावरचा संशय जाहीरपणे मांडला गेला तो १९८१ साली, लिव्हरपूलच्या रेडिओ सिटीच्या कार्यक्रमात, म्हणजे पॅरीच्या मृत्यूनंतर. खुनाच्या रात्री पॅरीची मोटार धुतली आणि तिच्यात रक्ताळलेला हातमोजा पाहिला, असे एका गॅरेज कामगाराने तेव्हा सांगितले. सोमवारच्या संध्याकाळचा पॅरीचा जबाब त्याच्या मैत्रिणीकडच्या जबाबांशी जुळत नाही हे खरे. मंगळवारी मात्र तो साडेआठपर्यंत एका ओळखीच्या कुटुंबात होता असे तेथील स्त्रीने पोलिसांना सांगितले होते. संशयित मेल्यानंतर, अर्ध्या शतकाने आणि उलटतपासणीशिवाय आलेल्या साक्षीला मी तत्कालीन साक्षीच्या बरोबरीने तोलायला तयार नाही, मग ती कितीही प्रामाणिक वाटो. वृत्तपत्रे स्वतःही चुका पिढ्यान् पिढ्या पुढे नेतात. ज्युलिया पन्नाशीची मानली गेली आणि तसेच छापले जात राहिले. तिचा जन्म १८६१ चा, म्हणजे मृत्यूसमयी ती ६९ वर्षांची होती, हे पुढे एका अभ्यासकाने जन्मनोंदीतून शोधून काढले. अशा गोष्टींसाठी नोंदणी कार्यालयाकडेच वळावे लागते.

तांत्रिक बाजूने तक्रारी थोड्या आहेत, पण त्रासदायक आहेत. सांजपत्राच्या दिवसभरात निघणाऱ्या अनेक आवृत्त्यांपैकी एकच आवृत्ती बहुधा स्कॅन केलेली असते, त्यामुळे दुपारची बातमी संध्याकाळी कशी बदलली हे पाहता येत नाही, आणि या प्रकरणात नेमके तेच पाहायचे होते. मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या पानांतील छायाचित्रे काळवंडलेली आहेत. मोबाइलवर पान हलवत वाचणे डोळ्यांना शिणवते, मोठा पडदा हवाच. भारतीय कार्डावरून वर्गणीचे आपोआप नूतनीकरण मला जमले नाही, दर वेळी नव्याने भरणा करावा लागला. ग्राहकसेवेने इमेलला उत्तर दिले, मात्र सावकाश.

आपल्याकडच्या अभ्यासकांना या संग्रहात मुंबईसंबंधीही पुष्कळ मिळेल. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर झालेल्या अब्दुल कादर बावला यांच्या खुनाच्या आणि त्यातूनच पुढे इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी सोडलेल्या गादीच्या बातम्या ब्रिटिश पत्रांनी रकानेच्या रकाने छापल्या होत्या. मराठी पत्रांचे त्या काळचे अंक शेजारी ठेवून त्या वाचणारा कोणी निघाला तर मला फार आनंद होईल.

वार्षिक वर्गणी घ्यावी की मासिक, असे विचाराल तर एका खटल्यापुरती मासिकच घ्यावी, आणि आधी तारखांची यादी करून ठेवावी. मी मात्र आता वार्षिक घेतली आहे. अपिलाच्या दोन दिवसांचे, १८ आणि १९ मे १९३१ चे, लिव्हरपूलबाहेरच्या पत्रांतील वृत्तान्त अजून वाचायचे आहेत. ज्यूरीचा निकाल रद्द होताना इतर शहरांतील संपादकांनी त्यावर काय लिहिले, याचे टिपण सध्या तयार करतो आहे.