नाशिकच्या एमजी रोडवरचं लॅपटॉप रिपेअरचं दुकान: ऑफिसचा जुना लॉट भंगारात देण्याआधी इथे एकदा जाऊन या

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा होणार, कारण विषय एका लॅपटॉपचा नाहीये, ८० लॅपटॉपचा आहे. मी अंबड एमआयडीसीत एका मोठ्या कंपनीत आयटी आणि ॲडमिन दोन्ही बघते. २०२५ च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार म्हणून वरून मेल आला की सगळे जुने लॅपटॉप काढा आणि नवे घ्या, आणि जुन्यांसाठी नेहमीच्या भंगारवाल्याचं कोटेशनही आलं, किलोच्या भावाने. ते वाचून माझं डोकंच फिरलं. आधीचा लॉट असाच गेला होता, टेम्पो आला, वजन झालं, पावती मिळाली आणि पुढे ते कुठे गेलं हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

आणि हे अशा इमारतीतून, जिचं कौतुक मी स्वतः पाहुण्यांना फिरवून सांगते. भिंती एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातल्या राखेपासून केलेल्या फ्लाय ॲश विटांच्या, छतावर सोलर, सांडपाणी शुद्ध करून बागेला, पश्चिमेच्या काचांना बाहेरून आडव्या पट्ट्या त्यामुळे एप्रिलमधल्या दुपारीसुद्धा तिकडची बाजू तापत नाही. सगळं खरंच चांगलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याच इमारतीच्या तळघरात ८० लॅपटॉप धूळ खात पडलेत आणि त्यांचं काय होणार हे कुठल्याच कागदावर नाही, हे मला पटत नव्हतं. विटेचा हिशोब ठेवतो तर मशीनचा पण ठेवायला पाहिजे ना.

एका मैत्रिणीने हे दुकान सांगितलं. जिना चढून वर दोन खोल्या, पुढे काउंटर, मागच्या खोलीत चार पोरं मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरून बसलेली. मी लॉट किती आहे ते सांगितलं तर काउंटरवरच्या काकांनी भाव नाही विचारला, पहिला प्रश्न "ताई, डेटा पुसलाय का?" तिथेच मला बरं वाटलं. मग त्यांनी मी न मागता सीपीसीबीच्या, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, पोर्टलवरचं रिफर्बिशर (जुनी उपकरणं दुरुस्त करून परत वापरात आणणारा) म्हणून रजिस्ट्रेशन दाखवलं. हे बघाच, कारण २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि १,००० किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणाऱ्या कंपनीला जुना माल रजिस्टर्ड उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो. संगणक, प्रिंटर, फोन सगळं धरलं तर मोठ्या कंपनीचा हा आकडा सहज होतो, आणि कित्येक ॲडमिनवाल्यांना ते माहीतच नसतं.

डेटा त्यांनी आमच्याच ऑफिसात येऊन पुसला. तीन दिवस दोन पोरं आमच्या मीटिंग रूममध्ये बसली होती, एकही डिस्क पुसल्याशिवाय गेटबाहेर गेली नाही, ज्या चालूच होत नव्हत्या त्यांना आमच्यासमोर ड्रिलने भोकं पाडली. प्रत्येक सिरियल नंबरचं वेगळं सर्टिफिकेट दिलं. आमचे ऑडिटवाले एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

मग वर्गवारी. ८० पैकी ५२ इंटेलच्या आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे निघाले, म्हणजे विंडोज ११ त्यांच्यावर रीतसर चालतं, ते स्लो होते ते फक्त जुनी हार्ड डिस्क आणि कमी रॅममुळे. २१ त्याआधीचे, त्यांना विंडोज ११ मिळत नाही. आणि ७ चे मदरबोर्ड गेलेले, त्यातले स्क्रीन, कीबोर्ड, हिंज काढून घेतले आणि उरलेलं रिसायकलरकडे, त्याची पोचपावती मला मेलवर आली.

आता वरच्या लोकांना पटवायचं होतं की हे ५२ परत वापरता येतील. तेव्हा मला इन्फोसिसच्या हैदराबादच्या पोचारम कॅम्पसमधली इमारत आठवली, तिथे त्यांनी एकच इमारत बरोबर अर्धी केली होती, एका भागात नेहमीचा पण चांगला एसी, दुसऱ्या भागात स्लॅबमधून थंड पाणी फिरवून गारवा, आणि दुसऱ्या भागात गारव्यासाठी ३४ टक्के वीज कमी लागली. वाद घालत बसण्यापेक्षा शेजारी शेजारी ठेवून मोजायचं. आम्ही तेच केलं, अकाउंट्समध्ये २० जणांना नवे लॅपटॉप आणि २० जणांना जुने, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), रॅम, नवी बॅटरी आणि चिपची उष्णता बाहेर काढणारी थर्मल पेस्ट टाकलेले. तीन महिने तक्रारी मोजल्या. दोन्हीकडे जवळपास सारख्याच. खर्च नव्याच्या पाव भागात. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

पैशापेक्षा मला दुसरा हिशोब महत्त्वाचा वाटतो म्हणून इथे लिहून ठेवते. कंपन्या स्वतःच जे आकडे देतात त्यानुसार एक ऑफिसचा लॅपटॉप बनवताना साधारण २०० ते ३०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, खाणीतला धातू, चिप, स्क्रीन सगळं धरून. वापरात बघा, २० वॉट, ८ तास, वर्षाचे २५० दिवस म्हणजे ४० युनिट, आपल्याकडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो धरला तर वर्षाला २८ किलो. म्हणजे विजेची बचत म्हणून चालू मशीन फेकून नवं आणलं तर ते बनवतानाच्या कार्बनचं कर्ज त्याच्या आयुष्यात फिटणं कठीण. आणि फेकलेलं जातं कुठे, २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. बाकीच्यातलं काही कुठेतरी उघड्यावर जळतं, तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, आणि तो धूर घेणारी माणसं आपल्यासारखीच असतात.

विंडोज ११ न मिळणाऱ्या त्या २१ लॅपटॉपवर काकांनी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, टाकून दिली, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेट करून. ७ आमच्या गेटवर आणि स्टोअरला एंट्रीसाठी लागले, १४ सुरगाण्याकडच्या एका शाळेला दिले. तिथे पावसात लाइट जाते, डेस्कटॉप बंद पडतात, लॅपटॉप चालू राहतो, एवढ्या साध्या गोष्टीने तिथल्या सरांना किती आनंद झाला ते मी फोनवर ऐकलंय.

आता जे आवडलं नाही ते. १५ दिवस सांगून २६ दिवस लागले आणि मधे फोन केला की "उद्या होतंय ताई" एवढंच. बॅटऱ्या ओरिजिनल नाहीत, कंपॅटिबल आहेत, त्यातल्या ९ चा बॅकअप चार महिन्यांत दीड तासावर आला. काकांनी काही न बोलता बदलून दिल्या, पण दोन फेऱ्या मलाच माराव्या लागल्या, आणि मोठ्या ऑर्डरला त्यांनी आधीच दोन प्रकारच्या बॅटऱ्यांचा भाव द्यायला हवा. जीएसटीचं बिल मागून मागून घ्यावं लागलं. पार्किंग विसरा, गाडी शालीमारच्या बाजूला लावून चालत या.

एक गोष्ट त्यांच्या कामाची नव्हती तरी सांगितली. डिस्क पुसायला आले असताना आमच्या सर्व्हर रूममध्ये त्यांच्या पोराला थंडी वाजली तर काका म्हणाले एवढं गार कशाला ठेवता. खरंच, आम्ही वर्षानुवर्षं १८ वर ठेवत होतो आणि ॲश्रे या एसी इंजिनीयरांच्या अमेरिकेतल्या संस्थेची शिफारस २७ पर्यंतची आहे. आता २४ वर आहे, सगळे सर्व्हर ठणठणीत आहेत.

चार स्टार, एक वेळेसाठी आणि बॅटऱ्यांसाठी कापला. घरचा एखादा लॅपटॉप असेल तरी घेतात, तपासायचे पैसे वेगळे लावत नाहीत. आमचे ११ मॉनिटर अजून तळघरात आहेत, ते याच शनिवारी घेऊन जाणार आहे.