डोव्हटेल जिग: साधं १२ इंची घ्यावं की बदलत्या बोटांचं?

डोव्हटेल म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या दातांनी एकमेकांत अडकणारा फळ्यांचा जोड, आणि जिग म्हणजे तो राउटरने (बिट फिरवून लाकूड कोरणाऱ्या यंत्राने) कापायला मदत करणारा साचा. ड्रॉवर हेच मुख्य काम असेल, तर एकसलग टेम्प्लेटचं (राउटरला वाट दाखवणाऱ्या, बोटांच्या पट्टीचं) १२ इंची हाफ-ब्लाइंड, म्हणजे एकाच बाजूने दिसणाऱ्या जोडाचं जिग पुरेसं आहे. जोड समोरून दिसत नाही, ड्रॉवर ओढला की बाजूला दिसतो आणि टेल (शेपटीसारखे दात) आणि पिन (त्यांच्यामध्ये बसणारे दात) दोन्ही एकाच फेरीत कापल्या जातात. ली (Leigh) कंपनीच्या डी४आर प्रोसारखं २४ इंची, सरकत्या बोटांचं जिग सुंदर आहे, पण त्याची किंमत कित्येक पट जाते आणि ते समजून घ्यायलाही वेळ द्यावा लागतो. दोन्ही बाजूंनी दिसणारे थ्रू डोव्हटेल किंवा रुंद पेट्या नियमित करत असाल, तरच तो खर्च वसूल होतो. नाहीतर उरलेला पैसा चांगल्या बिटात आणि सपाट रंधलेल्या लाकडात घाला.

जिग मागवण्याआधी आपला राउटर नीट बघा, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. आपल्याकडचे ट्रिमर (छोटे राउटर) ६ मिमी किंवा ६.३५ मिमी कोलेटचे (बिटाचा दांडा पकडणाऱ्या चिमटीचे) असतात, मोठे राउटर १२ किंवा १२.७ मिमीचे. ६.३५ चं बिट ६ च्या कोलेटमध्ये जाणार नाही. ६ चं बिट ६.३५ मध्ये जाईल, पण कितीही आवळलं तरी सरकेल, आणि डोव्हटेल बिट सरकणं म्हणजे खोली बदलणं. स्लीव्ह (दांडा आणि कोलेटमधली नळी) वापरायचीच असेल तर उभी फट असलेली, घट्ट बसणारी घ्या. पुण्याच्या बोहरी आळीत कोलेट किंवा स्लीव्ह घ्यायला जाताना बिट आणि कोलेट नट सोबत न्या, तोंडी मापावर घेऊ नका.

गाइड बुशही (राउटरच्या तळाला बसणारी, टेम्प्लेटच्या बोटांना टेकून चालणारी नळी) असंच तपासावं लागतं. साध्या जिगला बहुधा ७/१६ इंच बाहेरच्या व्यासाचा बुश आणि १/२ इंच, १४ अंशाचं बिट लागतं. पोर्टर-केबल कंपनीच्या ४२०० मालिकेतल्या हाफ-ब्लाइंडला मात्र १७/३२ इंच, ७ अंशाचं बिट. एका जिगचं बिट दुसऱ्याला चालेल असं धरू नका. ७/१६ च्या बुशमधून १/२ इंची दांडा जात नाही, तिथे १/४ इंच किंवा ८ मिमीचाच दांडा हवा, आणि ८ मिमी मिळाला तर तोच घ्या, कमी लवतो. बिटाचं डोकं बुशच्या भोकापेक्षा मोठं असल्यामुळे आधी बुश बसवायचा, मग बिट खालून घालायचं. खोली कमी करताना डोकं बुशला लागलं तर कार्बाइडची धार तुटते, म्हणून मशीन सुरू करण्याआधी बिट हाताने एक फेरा फिरवून बघा. बॉशचे बुश पेचाने नव्हे, खटक्याने बसतात. अमेरिकन पद्धतीचा बुश लावायला अडॅप्टर लागतो. बुश आणि बिट एका केंद्रावर नसतील तर राउटर हातात वळला की जोडाचं माप बदलतं. दोन्ही एका केंद्रावर आणणारा सेंटरिंग कोन (शंकू) स्वस्त मिळतो, तो घ्याच.

जिगची गुणवत्ता टेम्प्लेटपेक्षा आवळपट्टीत (फळी दाबून धरणाऱ्या पट्टीत) जास्त दिसते. हलक्या जिगची पट्टी मध्ये वाकते आणि अरुंद फळी एका टोकाला आवळली की तिरकी होते. दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा ठेवा आणि पट्टीच्या आतल्या बाजूला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा. एवढ्याने स्वस्त जिग बरंच सुधारतं. फळी मात्र सपाटच हवी. बाक असलेली फळी टेम्प्लेटखाली पोकळ राहते आणि त्या भागात खाच उथळ पडते. मग कितीही सेटिंग केलं तरी एक कोपरा उघडाच दिसतो.

जिगमध्ये ड्रॉवरची बाजू पुढे उभी, तोंडपट्टी (दर्शनी फळी) वर आडवी, दोघींची आतली बाजू बाहेर. दोन फळ्यांमध्ये बोटांमधल्या अंतराच्या अर्ध्याइतका सरक असतो, तो जिगच्या अडणीवर (फळीची कड टेकवायच्या थांब्यावर) आपोआप येतो. चारपैकी दोन कोपरे डाव्या अडणीला कापायचे, दोन उजव्या. म्हणून आधीच आतल्या बाजूला पेन्सिलने १ ते ४ आकडे टाका. बोटांमधलं अंतर साध्या जिगमध्ये बहुधा ७/८ इंच, पोर्टर-केबलमध्ये १ इंच असतं. ड्रॉवरची उंची त्याच पटीत घेतली (म्हणजे ७/८ ला ३ १/२ किंवा ५ १/४ इंच) तर वर-खाली सारख्या अर्ध्या पिना येतात. तळाची फळी बसवायची खाच टेलमधून जाईल अशी आखली की ती बाहेरून दिसत नाही.

कापताना आधी उजवीकडून डावीकडे अगदी हलका पास घेऊन उभ्या फळीच्या पुढच्या कडेवर रेघ पाडा. त्यामुळे तिथले धागे फाटत नाहीत. मग डावीकडून प्रत्येक बोटाच्या आत-बाहेर जात पूर्ण करा. बिट फिरत असताना राउटर वर उचलू नका. डोव्हटेल बिट खाली रुंद असतं, उचललं की टेम्प्लेट, बिट आणि जोड तिन्ही जातात. राउटर पुढे ओढून बाहेर घ्या आणि फिरणं थांबू द्या.

फिट खोलीवर ठरतो. जोड सैल असेल तर बिट आणखी खाली सोडा, घट्ट असेल तर वर घ्या. हे उलटं वाटतं, पण बिट खोल गेलं की फळीच्या पातळीवर त्याचा बारीक भाग येतो आणि टेलचं टोक जाड उरतं. १४ अंशाच्या बिटात खोली ०.४ मिमी वाढवली तर जोड साधारण ०.२ मिमी घट्ट होतो. म्हणून बदल अगदी थोडा करा. टेल बाहेर उरत असेल तर टेम्प्लेट मागे सरकवा, खोल बुडत असेल तर आपल्याकडे ओढा. या दोन समायोजनांची गल्लत करू नका: आधी घट्टपणा, मग पातळी. चाचणीचे तुकडे त्याच लाकडाचे आणि त्याच जाडीचे हवेत. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी बसेल तो फिट योग्य. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने लाकूड फुगतं, त्यामुळे कोरडाच जोड फार घट्ट असेल तर चिकटवताना अर्ध्यात अडकतो.

सजावटी जोडांसाठी वेगळा विचार करावा लागतो. इन्क्रा कंपनीची फेन्स (लाकूड टेकवायची सरकती कड) राउटर टेबलावर चालते, तिचे दाते १/३२ इंचाच्या टप्प्यांवर खटकन बसतात आणि दोन रंगांच्या लाकडाचा दुहेरी डोव्हटेल त्यावर छान येतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा येण्याची तिची हमी सरकत्या बोटांच्या जिगला देता येत नाही, पण एका ड्रॉवरसाठी लागणारा वेळ बराच जास्त आहे. लीच्या आयसोलॉक टेम्प्लेटने वक्र जोड निघतात. भेटवस्तूच्या पेटीला ते शोभतात, रोजच्या फर्निचरला गरज नाही.

पुण्यातल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून सागवान घ्याल तर सहा सुती (पाऊण इंच) जाडीची फळी एकसारखी रंधून घ्या. सागात सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते. कापलेली बाजू जळकट, काळसर दिसू लागली की बिट बदला. प्लायवर डोव्हटेल टाळा, आडव्या थरांच्या कपच्या उडतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बनवलेला ड्रॉवर जुलै-ऑगस्टमध्ये उंचीत फुगतो, म्हणून साधारण ६ इंच उंचीच्या बाजूला वर २ मिमी तरी मोकळी जागा सोडा.