सोलरला जमीन द्यायची की पवनचक्कीला? सही करण्याआधी गावाने काय पाहावे

बीड, धाराशिव, सांगली, धुळे या पट्ट्यात सध्या दोन प्रकारची माणसे जमीन विचारत फिरतात. एकाला सौर प्रकल्पासाठी सबस्टेशनजवळची सलग जमीन भाड्याने हवी असते. दुसरा माळावर पवनचक्की उभी करण्यासाठी सातबारे गोळा करत असतो. खातेदाराचा प्रश्न एकच असतो, पैसे कशात जास्त? माझ्या मते त्याआधी हे ठरवावे, की निर्णय कोणी घ्यायचा. सोलरचा निर्णय बहुतेक वेळा खातेदाराने घरच्यांशी बोलून घ्यावा असा असतो. पवनचक्कीचा निर्णय मात्र गावाचा आहे, मग जमीन कोणाच्याही नावावर असो.

सोलरचा हिशेब तुलनेने उघड आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ मध्ये आली. तिच्यात खासगी जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये किंवा जमिनीच्या सरकारी मूल्याच्या ६ टक्के, यातले जे जास्त असेल ते. म्हणजे एकरी साधारण ५०,००० रुपये. दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते, पण ती मूळ दरावर सरळ पद्धतीने. त्यामुळे हेक्टरी दरवर्षी ३,७५० रुपये वाढतात आणि अकराव्या वर्षी भाडे १,६२,५०० वर पोचते. चक्रवाढीचे गणित मनात धरून कोणी सही करू नये. कोरडवाहू, हलक्या जमिनीला हे भाडे चांगलेच आहे. बागायतीला किंवा विहिरीला बारमाही पाणी असलेल्या रानाला ते परवडेलच असे नाही.

एक मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात आणि तेवढे सगळे रान कुंपणाच्या आत जाते. पंचवीस-तीस वर्षे तिथे नांगर फिरत नाही. जमीन मात्र तुमच्या नावावर राहते. शिवाय ही वीज जवळच्या सबस्टेशनवरून शेतीच्या फीडरला जाते, म्हणून गावाला दिवसा पंप चालवता येतात. रात्री साप-विंचवाच्या भीतीत दारे धरणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. अशा प्रकल्पाच्या ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदानही ठेवले आहे.

पवनचक्कीला जागा कमी लागते. पाया, क्रेनचा कट्टा आणि थोडी मोकळी जागा धरून एकर-दोन एकर, बाकी शेती चालू राहते. मोबदला बहुधा एकरकमी असतो, खरेदीखत करून किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने. म्हणून ती बाजू आकर्षक वाटते. पण सही करणाऱ्याचे एक-दोन एकर गुंतले, तरी यंत्राचा परिणाम कितीतरी मोठ्या क्षेत्रावर होतो. माझा सगळा आग्रह याच मुद्द्यावर आहे.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार रस्ते, रेल्वे, इमारती आणि अतिउच्चदाब वाहिन्यांपासून पवनचक्की किती लांब हवी याचे सूत्र असे: टॉवरची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाचा निम्मा, अधिक ५ मीटर. टॉवर १३० मीटर आणि व्यास १४० मीटर असेल तर २०५ मीटर. आवाजाचा त्रास टाळण्यासाठी राहत्या घरापासूनचे अंतर ५०० मीटर सांगितले आहे. आता गावनकाशा समोर घ्या, यंत्राच्या जागी कंपासचे टोक ठेवा आणि ५०० मीटरचे वर्तुळ काढा. त्यात सुमारे ७८ हेक्टर, म्हणजे १९४ एकर जमीन येते. सही करणारा एक आणि वर्तुळात खातेदार वीस-पंचवीस, हे चित्र नकाशावरच स्पष्ट दिसते. उद्या त्यांच्यापैकी कोणाला रानात घर बांधायचे असेल तर त्याला पात्यांचा आवाज आणि सकाळ-संध्याकाळ फिरणारी सावली सोसावी लागेल, आणि त्याला आज कोणी विचारलेलेही नसते.

इथे एक गोष्ट नेहमी निसटते. अंतर गावठाणापासून मोजले जाते आणि वस्त्या राहून जातात. आपल्याकडे अर्धे गाव रानात राहते. प्रत्येक शेतवस्ती, झोपडीवजा घरसुद्धा, नकाशावर टिंब काढून दाखवा आणि मग अंतर मोजायला सांगा.

पुढचा मुद्दा रस्त्याचा. साठ-सत्तर मीटर लांबीचे पाते वळवायला पाणंद पुरत नाही. वळणे कापावी लागतात, बांध फोडावे लागतात, मुरमाचा भराव पडतो. काळ्या रानात हा भराव ओढ्याकडे जाणारे पाणी अडवतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या शेतकऱ्याचे सोयाबीन पाण्यात उभे राहते. रस्ता कुठून जाणार आणि त्याखाली नळ्या कुठे टाकणार, हे काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे. नंतर क्रेन उभी राहिली की कोणी ऐकत नाही. विजेच्या तारांचेही तसेच. ज्याने जमीन दिली नाही त्याच्याही रानातून वाहिनी जाते. त्याचा मोबदला वेगळा असतो आणि तो काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्यावा.

परवानगीच्या बाजूने पाहिले तर गावाच्या हातात वाटते त्यापेक्षा कमी आहे. प्रादेशिक योजनेत आपली जमीन शेती विभागात असते, आणि तेवढ्याने यातला कुठलाच प्रकल्प अडत नाही. पर्यावरणीय मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतली जनसुनावणीही या दोन्हींना लागू होत नाही. म्हणजे सगळ्यांना खुलेपणाने बोलता येईल अशी एकच जागा उरते, ग्रामसभा. नाहरकत पत्र मासिक सभेत चार सदस्यांच्या सह्यांनी देऊन मोकळे होऊ नका. पवनचक्कीचा विषय यंत्रांच्या गट नंबरांसह आणि रस्त्याच्या नकाशासह ग्रामसभेत आणा, अंतराच्या अटी ठरावात लिहा.

व्यवहार उघड्यावर असण्याला आणखी गंभीर कारण आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून हा प्रकार घडल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. बंद खोलीत ठरणाऱ्या पैशाभोवती कोणती माणसे जमतात हे मराठवाड्याला आता सांगावे लागत नाही.

सोलर खातेदाराचा निर्णय, या माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे: गायरान. तिथे पॅनल बसले की शेळ्या-मेंढ्यांचा चारा जातो, आणि ज्याचे जनावर उपाशी राहते त्याला भाडे मिळत नाही. गायरानावरचा सोलर हा पवनचक्कीइतकाच, किंबहुना जास्त, गावाचा विषय आहे. खासगी जमिनीतही कुंपण घालण्याआधी शेजाऱ्याची वहिवाट मोकळी ठेवल्याचे करारात लिहून घ्या. सहहिस्सेदारांची संमती, सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा आणि भोगवटादार वर्ग २ ची नोंद (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन) हे आधीच तपासा. एजंटला मुखत्यारपत्र तर कोणत्याही प्रकल्पासाठी देऊ नका.

हलकी, सलग, सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आतली जमीन असेल आणि घरात कसणारे हात कमी असतील, तर मी सोलरकडे झुकेन. माळ उंच असेल, वारा चांगला असेल आणि वस्त्या खरोखर लांब असतील, तर पवनचक्कीला विरोध करण्याचे कारण नाही. फक्त जमीन विकू नका, भाड्याने द्या. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस यंत्रे उभी राहिली, ती आजच्या तुलनेत अगदी लहान होती. यंत्रे बदलतात, मोठी होतात, जागेची किंमत वाढते. ज्याने खरेदीखत करून दिले त्याला त्या वाढीतले काही मिळत नाही.

करारात शेवटचे कलम प्रकल्प काढून नेण्याचे असावे. सोलरचे खांब उपसता येतात. पवनचक्कीच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट असते आणि ते फोडायला मोठा खर्च येतो. तो कोण करणार, किती खोलीपर्यंत करणार, आणि कंपनी मध्येच दुसऱ्याला विकली गेली तर जबाबदारी कोणाकडे जाणार हे लिहून घ्या, आणि त्यापोटी बँक गॅरंटी पहिल्याच वर्षी मागा.