किकस्टार्टर की अर्ली ॲक्सेस?

गेम बनवायला पैसा उभा करण्याचे हे दोन मार्ग. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर मागितलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर हाती काहीच येत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओच्या ‘राजी’ या गेमची मोहीम २०१७ मध्ये अशीच हुकली, गेम २०२० मध्ये आला, तो दुसऱ्या मार्गाने.

पण मोठा धोका यशस्वी मोहिमेत असतो. जमलेल्या रकमेतून ५ टक्के किकस्टार्टरचे, वर पेमेंटचे शुल्क, मग वर्गणीदारांना कबूल केलेले टी-शर्ट आणि आर्टबुक (गेमच्या चित्रांचे पुस्तक) परदेशी पाठवण्याचा खर्च. ही बक्षिसे ठेवूच नका. शिवाय पैसा वाढला की गेमचा पसाराही वाढतो. डबल फाइन या गेम स्टुडिओने २०१२ मध्ये ४ लाख डॉलर मागितले, ३३ लाखांवर मिळाले; तरी ‘ब्रोकन एज’ दोन भागांत, २०१४ आणि २०१५ मध्ये द्यावा लागला.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अपुरा गेम विकण्याच्या सोयीला, म्हणजे अर्ली ॲक्सेसला, १०० डॉलर शुल्क आणि आज खेळता येईल असा गेम लागतो. स्टीमचा वाटा सहसा ३० टक्के. खरेदीपासून १४ दिवसांत, खेळ २ तासांहून कमी झाला असेल तर ग्राहकाला पैसे परत मिळतात. विक्री थंडावली की पगार थांबतात, म्हणून विक्री शून्य धरूनही काम पुरे होईल एवढी शिल्लक हवी.

कथाप्रधान गेम इथे आणू नका. अर्धी गोष्ट कळलेला खेळाडू सहसा परतत नाही. सर्व्हायव्हल (तग धरून राहण्याचा) किंवा रोगलाइक (दर वेळी नव्याने सुरू होणारा, बदलत जाणारा) गेमला मात्र हाच मार्ग बरा.