पाऊस, कावळा आणि ई-बर्ड : एका नोंदसेवेचे परीक्षण

पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची 'ई-बर्ड' ही विनामूल्य सेवा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटी या पक्षिसंवर्धन संस्थेच्या साथीने २००२ मध्ये सुरू केली, आणि 'बर्ड काउंट इंडिया' या पक्षिनिरीक्षक गटांच्या सहयोगाच्या प्रयत्नांमुळे ती आपल्याकडील हौशी पक्षिनिरीक्षकांच्याही अंगवळणी पडली आहे. तिचे कौतुक करताना बहुधा दुर्मिळ पाहुण्या पक्ष्यांचे दाखले दिले जातात. मी तिच्याकडे अगदी साध्या पक्ष्याचा प्रश्न घेऊन गेलो : हवामान बदलले की कोकण किनाऱ्यावरील कावळ्याचा दिनक्रम आणि त्याची शिकार कशी बदलते? हे परीक्षण तेवढ्याच प्रश्नापुरते आहे.

नोंद करण्याची पद्धत सुटसुटीत आहे. मोबाइलवरील अॅप यादी सुरू झाल्याची वेळ, कालावधी आणि चाललेले अंतर आपोआप टिपते. एका जागी उभे राहून पाहिले की चालत पाहिले, हे वेगळे नोंदवता येते. आणि शेवटी ओळखू आलेले सर्व पक्षी लिहिले आहेत का, असे विचारले जाते. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण 'पूर्ण' याद्यांमध्ये एखादा पक्षी नसणे हीसुद्धा माहिती ठरते. गावकावळा आणि डोमकावळा यांची नोंद वेगवेगळी करता येते, आणि मुसळधार पावसात दूरवर भिजत बसलेला पक्षी नेमका कोणता हे कळले नाही, तर केवळ 'कावळा' एवढे नोंदवण्याचीही सोय आहे. नेटवर्क नसले तरी यादी मोबाइलमध्ये साठते आणि नंतर पाठवता येते, हा गुण पावसाळी गावात फार मोलाचा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. संकेतस्थळावर कोणत्याही जिल्ह्याचा पट्टीचा आलेख पाहता येतो. त्यात प्रत्येक महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि त्या त्या भागातील पूर्ण याद्यांपैकी किती टक्के याद्यांत तो पक्षी आढळला, हे पट्टीच्या जाडीने दाखवले जाते. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी हा आलेख उत्तम आहे. कावळ्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. वस्तीजवळच्या यादीत कावळा नसणे हीच नवलाई असते, त्यामुळे पट्टी वर्षभर तशीच जाड राहते आणि जूनमधल्या कावळ्याचे आयुष्य मेमधल्या कावळ्याहून किती वेगळे असते, याचा तिच्यावरून काहीच अंदाज येत नाही.

प्रत्यक्षात तो फरक फार मोठा असतो. मेच्या दुपारी कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतो, कारण पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा तो एक मार्ग आहे. त्या वेळी तो सावली सोडत नाही आणि अन्नाचा शोध सकाळ-संध्याकाळवर ढकलतो. याच सुमारास त्याची वीणही सुरू असते, म्हणजे घरट्यात तोंडे वाढलेली आणि बाहेर फिरण्याचे तास घटलेले. मग वळीव येतो. पहिल्या सरीनंतर जमिनीतून वाळवीचे पंख फुटलेले किडे थव्यांनी वर येतात आणि एरवी उकिरड्यावर रमणारा गावकावळा अचानक तारेवरून झेप घेऊन हवेतल्या हवेत किडे टिपू लागतो. पुढे भातखाचरांत चिखलणी सुरू झाली की कावळे नांगरामागे किंवा पॉवर टिलरमागे चालत गांडुळे, अळ्या, लहान बेडूक आणि मुठे उचलतात. त्याच काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्यामुळे बंदरावरची फुकटची मेजवानी आटते, आणि किनाऱ्यावरील कावळ्यांना ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलाकडे आणि खडकांकडे वळावे लागते. पाऊस कावळ्याचे एक ताट काढून घेतो आणि दुसरे पुढे करतो, असे माझे मत आहे. फक्त कोसळणाऱ्या सरीत आणि आडव्या वाऱ्यात तो दोन्ही सोडून पिसे फुगवून बसून राहतो.

यातले काहीही नोंदवण्यासाठी ई-बर्डच्या यादीत स्वतंत्र रकाना नाही. विणीच्या वर्तनासाठी संकेत आहेत, म्हणजे घरटे बांधणे, पिलांसाठी अन्न नेणे वगैरे. पण पाऊस, वारा, ढग, तापमान आणि भरती-ओहोटी यांना जागा नाही. जे लिहायचे ते शेरा म्हणून लिहावे लागते. सर्वसाधारण नोंदसेवेकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करावी का, असे कोणी म्हणेल. परंतु जेथे पावसाळा वर्षाचे दोन तुकडे करतो, तेथे ही उणीव चांगलीच जाणवते.

त्याहून मोठी अडचण सेवेची नसून आपली आहे. मुसळधार पाऊस लागला की पक्षिनिरीक्षक घरात बसतो. त्यामुळे पावसातल्या याद्या मुळातच कमी होतात, आणि ज्या होतात त्या बहुधा खिडकीतून किंवा वळचणीखालून पाहून केलेल्या असतात. अशा माहितीवरून 'पावसात कावळे कमी असतात' असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो कावळ्यांपेक्षा माणसांविषयीच असेल. उघडीप मिळाल्यावर माणसे आणि कावळे एकाच वेळी बाहेर पडतात, हे तर आणखी फसवे.

यावर उपाय आहे, आणि तो सेवेच्या चौकटीतच बसतो. एकाच जागी उभे राहून पंधरा-पंधरा मिनिटांच्या स्वतंत्र याद्या कराव्यात : एक सर येण्यापूर्वी, एक सरीत, एक उघडिपीत. भिजलेल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही, म्हणून वहीत पेन्सिलीने लिहून नंतर संकेतस्थळावर यादी भरावी. मागील तारीख आणि वेळ घालता येते. कावळ्यापुढे केवळ हजेरीची खूण न करता आकडा लिहावा, कारण बदल दिसतो तो आकड्यात.

हवामानाची माहिती बाहेरून जोडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय हवामान विभागाचा दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजलेला असतो. म्हणजे मंगळवारी सकाळी जाहीर झालेल्या आकड्यातील बहुतेक तास सोमवारचे असतात, आणि तो पंधरा मिनिटांच्या यादीशेजारी मांडण्यात काही अर्थ नाही. स्वयंचलित केंद्राच्या नोंदी मिळत असतील तर उत्तम. नसतील तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली सर हीच अधिक भरवशाची.

संध्याकाळच्या वसतिस्थानासाठी, म्हणजे कावळे रात्रीच्या मुक्कामाला जमतात त्या जागेवरील मोजणीसाठी, मात्र ही सेवा मला विशेष आवडली. कावळ्यांचे परतणे प्रकाशावर अवलंबून असते, त्यामुळे आभाळ भरलेल्या संध्याकाळी ते लवकर येऊ लागतात. अचूक वेळ टिपणारे अॅप हाती असल्यावर स्वच्छ आणि ढगाळ संध्याकाळची तुलना सहज करता येते. फार मोठा आकडा लिहिला तर अॅप खात्री करून घेते आणि स्वयंसेवक परीक्षक विचारणाही करू शकतात. कितीच्या गटाने मोजले, कोणत्या दिशेच्या रांगा मोजल्या, हे शेऱ्यात आधीच लिहिले तर काम सोपे होते. काहींना ही चौकशी जाचक वाटते. मला ती या सेवेची सर्वांत जमेची बाजू वाटते.

ऋतुमानासाठी आणि ठिकाणांसाठी मी तिला पाचपैकी साडेचार गुण देईन. हवामान आणि शिकारीच्या प्रश्नासाठी तीन. हे तीनही गुण शेऱ्यांच्या शिस्तीवर अवलंबून आहेत. स्वतःच्या सर्व नोंदी शेऱ्यांसह एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात, आणि तेथे 'भुरभुर', 'झड', 'मुसळधार', 'उघडीप' हे शब्द दर वेळी एकाच रीतीने लिहिलेले असतील तरच त्यांवर गाळणी लावता येते. शिकारीसाठीही तसेच करावे : आधी भक्ष्य, मग जागा, मग पद्धत, जसे 'वाळवी, तार, हवेत'.